त्रेचाळीस जाड फायली

६ जानेवारी

आजपासून ही वही. अधीक्षकांनी मला कॉम्प्युटरवर बसवलंय आणि काल काय केलं ते आज आठवत नाही, म्हणून लिहून ठेवायचं.

या बालगृहाच्या नोंदणी खोलीत एकतीस वर्षं काढली. इथे वाढलेल्या प्रत्येक मुलाची फाइल माझ्या हाताखालून गेली आहे. कुठली फाइल कुठल्या फळीवर आहे, झोपेतून उठवलं तरी सांगेन. आता ही इमारत रिकामी करायची आहे आणि नव्या जागेत फायलींना खोली नाही. म्हणून दोन हजार एकशे चाळीस फायली स्कॅन करून कॉम्प्युटरात ठेवायच्या आणि मूळ कागद लगद्याच्या कारखान्याला देऊन टाकायचे.

"बाई, तुमच्याशिवाय हे कुणाला जमणार?" अधीक्षक म्हणाले. हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते, कळत होतं. तरी चढले.

स्कॅन करायला बाहेरचा माणूस आलाय. त्याच्या मशीनची तऱ्हा अशी की ज्या क्रमांकाची फाइल आहे त्या क्रमांकाचा फोल्डर आधीपासून तयार हवा. नसला की मशीन शिट्टी मारून संपावर जातं. दिवसभर बसून एकोणीस फोल्डर हाताने केले. या वेगाने माझी निवृत्ती आधी येईल.

७ जानेवारी

लेकीला फोन केला. ती लांबच्या शहरात असते आणि दिवसभर अशाच मोठमोठ्या कॉम्प्युटरांची निगा राखते. म्हणाली, "आई, हाताने काय करत बसलीस? त्याला एक चिठ्ठी लिहून ठेव. जर या नावाचा फोल्डर नसेल तर बनव, असेल तर पुढचा बघ. बास." अशा चिठ्ठीला स्क्रिप्ट म्हणतात. तिने एकेक अक्षर सांगितलं, मी उतरवून घेतलं:

if [ ! -d "$n" ]; then mkdir "$n"; fi

$n म्हणजे फाइलचा क्रमांक, mkdir म्हणजे 'बनव', उद्गारचिन्ह म्हणजे 'नाही'. ते -d म्हणजे 'या नावाचा फोल्डर आहे का'. शेवटचं fi म्हणजे सुरुवातीचं if उलटं लिहिलेलं, उघडलेलं दार लावून घ्यायचं म्हणून. मी म्हटलं, "आयुष्यभर ऐकत आले, जर-तरच्या गोष्टींनी पोट भरत नाही. इथे सगळा संसारच जर-तरवर!" ती हसली नाही. नीट ऐकू गेलं नसावं. तिच्याकडे आवाज नुसता घुमत होता. विचारलं तर म्हणाली, सामान हलवलंय.

८ जानेवारी

सकाळभर चुकतच होतं. कंसाच्या आत जागा सोडायची असते, मी चिकटून लिहिलं. मग उद्गारचिन्ह विसरले, तेव्हा तो असलेलेच फोल्डर पुन्हा बनवायला धावला आणि नसलेल्यांना हातही लावला नाही. अगदी आमच्या अधीक्षकांसारखा.

साडेबाराला जमलं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच दोन हजार एकशे चाळीस फोल्डर! या वयात एवढा आनंद बरा नव्हे. शिपाईकाकांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, "छान. पण आत काही दिसत नाही." म्हटलं, काका, आत्ता कुठे कपाट आलंय, कपडे येतील हळूहळू.

१५ जानेवारी

नवं लचांड. रोज किती काम झालं याचा आकडा अधीक्षकांना संध्याकाळी वर कळवायचा असतो. त्यासाठी त्यांनी आणलेला मोजणीचा प्रोग्राम एक ते दोन हजार एकशे चाळीस असा ओळीने चालतो, आणि ज्या फोल्डरमध्ये स्कॅनची फाइल सापडत नाही तिथे अडून बसतो. आज चौथ्याच क्रमांकावर अडला. अधीक्षक माझ्या खुर्चीमागे उभे राहून उसासे टाकत होते.

लेकीला फोन. चिठ्ठीत आणखी एक जर-तर घातलं: जर फोल्डरमध्ये त्या नावाची फाइल नसेल तर एक कोरी फाइल तयार कर. त्यासाठी touch असा शब्द आहे. नुसता हात लावला की फाइल जन्माला येते.

"आई, पण ती रिकामी असते हं. लक्षात ठेव."

"असू दे रिकामी. खरा स्कॅन आला की तिच्या जागी बसेल. आणि लक्षात ठेवायचं मला सांगतेस? एकतीस वर्षं दुसरं काय करतेय?"

मग ती फोन ठेवेचना. मी न विचारलेलंही शिकवायला लागली. फाइल आहे का ते कसं विचारायचं, तिच्यात काही आहे का ते कसं विचारायचं, -e म्हणजे काय, -s म्हणजे काय. तासभर झाला. शेवटी दूध उतू जायला लागलं म्हणून मीच ठेवला. जावईबापूंची चौकशी करायची राहिली. गेल्या वेळी केली तर दौऱ्यावर होते, त्याच्या आधीही दौऱ्यावरच. माणसाने इतकं राबू नये.

२९ जानेवारी

काम मार्गी लागलं. सकाळी आल्या आल्या चिठ्ठी चालवते, मग चहा.

स्कॅनवाल्याने जाड फायली बाजूला काढून खिडकीच्या कट्ट्यावर रचल्यात. पाकिटं, टाचण्या, फोटो मशीनमध्ये अडकतात म्हणे. जाड फायली म्हणजे ज्या मुलांसोबत कुणी काहीतरी ठेवून गेलं त्यांच्या. कुणाची चिठ्ठी, कुणाची टोपी, कुणाची केसांची बट. बंद पाकीट आम्ही उघडायचं नाही, मूल सज्ञान झालं की त्याने स्वतः उघडायचं, असा नियम. एकतीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नाही.

ठरलं असं की या फायली सगळ्यात शेवटी, हाताने स्कॅन करायच्या आणि पाकिटं एका लोखंडी पेटीत ठेवून नव्या जागेत न्यायची. पेटी आली आहे. हिरवी, बिजागरी कुरकुरणारी.

११ फेब्रुवारी

उद्या वरचे साहेब पाहणीला येणार. खोलीची दशा बघवेना. शिपाईकाकांना म्हटलं, "काका, तेवढा खिडकीचा कट्टा मोकळा करा, अगदी भंगाराचं दुकान वाटतंय." त्यांनी केला. किती दिवसांनी खोलीत उजेड आला. काका कामाचे पक्के, सांगितलं की झालं.

स्कॅनवाला कालच गेला, त्याची मुदत संपली. सोमवारी दुसरा आला की उरलेलं उरकेल.

२० फेब्रुवारी

संपलं! नव्या स्कॅनवाल्याने काल शेवटचा गठ्ठा केला. मांडणीतल्या ज्या फायलींवर खूण नव्हती तेवढ्या घेतल्या आणि 'झालं' म्हणून हात झटकले.

कागद कारखान्याला देण्याआधी माझी सही हवी होती. सही अशी थोडीच करणार? लेकीने शिकवलेली तपासणी लावली: जर फाइल असेल तर 'आहे' लिही, नसेल तर 'नाही' लिही. 'आहे' दोन हजार एकशे चाळीस, 'नाही' शून्य. अधीक्षकांनी स्वतः पहिल्या पाच फायली उघडून बघितल्या. पानं स्वच्छ, अक्षर आरशासारखं. "शितावरून भाताची परीक्षा!" म्हणाले. मी सही केली. मला शाल-बिल नको होती, पण खुर्चीतून उठून एक नमस्कार केला असता तर त्यांचं काही बिघडलं नसतं.

२२ फेब्रुवारी

ट्रक आला आणि सगळं घेऊन गेला. फळ्यांवर फायलींच्या जागी धुळीचे चौकोन उरलेत. जेवण गेलं नाही. लेकीला फोन केला, दुसऱ्या घंटेलाच उचलला. बरी आहे म्हणाली. मलाच विचारत राहिली, आई तू बरी आहेस ना, म्हणून.

९ मार्च

आज दुपारी शिवणकाम करणारी आली. चार गल्ल्यांपलीकडे तिचं दुकान आहे. आमच्या कचेरीचे पडदेसुद्धा तिनेच शिवलेत. ती इथेच वाढली, क्रमांक अकराशे सत्त्याऐंशी. अठरा वर्षांची झाली तेव्हा मीच तिला बोलावून सांगितलं होतं की तुझ्या फाइलीत एक बंद पाकीट आहे. ती पांढरीफटक पडली होती. म्हणून मी म्हटलं, "आज नको वाटत असेल तर राहू दे गं. कागद कुठे पळून जातायत?" त्याला सोळा वर्षं झाली.

आज म्हणाली, "बाई, आता वाचलं तरी मी मोडणार नाही असं वाटतंय. द्या."

मोठ्या ऐटीत मी तिला शेजारी बसवलं. म्हटलं, बघ आता गंमत, फळी धुंडाळायला नको की शिडी नको. १११७ नाही, ११८७. फोल्डर उघडला. फाइल होती. उघडेना. पुन्हा दाबलं. मग बाजूला तिचा आकार लिहिलेला दिसला. शून्य.

"मशीन बिघडलंय," मी म्हटलं. "गुरुवारी ये." ती "बरं" म्हणाली आणि जाताना खुर्ची जागेवर सरकवून गेली. लहानपणी मीच लावलेली सवय.

ती गेल्यावर हिरवी पेटी उघडली. पेटीत काहीही नव्हतं.

१० मार्च

सकाळी सहालाच लेकीला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, तुझी तपासणी काय विचारतेय ते वाच बरं."

वाचलं.

"तू फक्त आहे का एवढंच विचारतेयस. आत काही आहे का ते विचारलंच नाहीस. आणि नसेल तिथे सकाळी तूच कोरी फाइल करून ठेवतेस. मग 'नाही' येणार कुठून?"

"मग तू तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं, आई." एवढंच म्हणाली, पण आवाज इतका थकलेला की मला राग आला. तिचं काय गेलंय थकायला? हे लिहिताना लाज वाटतेय, पण आला.

एक अक्षर बदललं. e काढून s लिहिलं. त्रेचाळीस क्रमांक खाली आले. ते वाचायची गरजच नव्हती. खिडकीच्या कट्ट्यावरचा गठ्ठा होता तो, वरपासून खालपर्यंत.

शिपाईकाकांना विचारलं, त्या दिवशी कट्ट्यावरच्या फायली कुठे ठेवल्या? "कुठे म्हणजे? त्यांच्या त्यांच्या जागी, क्रमांकाने. तुम्हीच शिकवलंय ना बाई, फाइल जागेवरच हवी." पहिल्या स्कॅनवाल्याने त्या बाजूला काढतानाच त्यांच्यावर खूण केली होती, म्हणून दुसऱ्याने त्या झालेल्या समजून सोडल्या. कुणीच चुकलं नाही. प्रत्येकाने सांगितलेलं केलं. आणि सांगणारी मी.

कारखान्यात फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, "बाई, तो माल त्याच आठवड्यात गेला पाण्यात."

११ मार्च

अधीक्षकांच्या खोलीत जाऊन सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी दार लावलं आणि शांतपणे म्हणाले, "त्रेचाळीसपैकी विचारायला येणार किती? एक, दोन. त्या फायलींमध्ये एक ओळ घाला. 'या मुलाच्या फाइलीत नोंदीखेरीज अन्य कागद नव्हते.' विषय संपला. तुमची निवृत्ती आठ महिन्यांवर आहे, बाई. शेवटी शेवटी कशाला माती करून घेता?"

जागेवर येऊन ती चिठ्ठीही लिहिली. लपवायचं कशाला, या वहीत तरी. जर फाइल रिकामी असेल, तर तिच्यात ही ओळ लिही. एका दमात जमली, एकही चूक नाही. कंसात जागा, शेवटी fi. नुसती कळ दाबायची होती. त्रेचाळीस जण क्षणात अशी मुलं झाली असती ज्यांच्यामागे कुणी काही ठेवलंच नाही.

मोह झाला. फार झाला. पाचला दिवे मालवून घरी आले. चिठ्ठी तशीच आहे, पुसलेली नाही.

१२ मार्च, गुरुवार

ती अकराला आली. गळ्यात मोजायची टेप तशीच, दुकानातून उठून आली असणार.

"सापडलं?"

"नाही. आणि सापडणार नाही. माझ्या हातून गेलं." मग सगळं सांगितलं. कोरी फाइल, तपासणी, कट्टा, सही, ट्रक. तिला कॉम्प्युटरचं काय कळलं कुणास ठाऊक, पण तिने एकदाही मध्ये तोडलं नाही.

मग म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होतात, कागद कुठे पळून जातायत. सोळा वर्षं मी त्या वाक्यावर काढली, बाई. भीती वाटली की म्हणायची, घाई नाही, आहे तिथे."

मी माफी मागितली. ती माफ करते म्हणाली नाही, नाही असंही म्हणाली नाही.

"कसं होतं ते?"

"निळं पाकीट. डिंकाने बंद केलेलं. वर आमचा क्रमांक, बाकी काही नाही. आत कागद असावेत, दोन-तीन घड्यांचे. आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी गोल, कडक. फाइल लावताना बोटांना लागायचं. बटण असेल."

ती एकदम सरळ बसली. "केवढं?"

मी अंगठ्याचं नख दाखवलं.

"म्हणजे शर्टाचं नव्हे. कोटाचं. भोकं किती होती? दोन की चार?"

"पाकिटावरून कसं कळणार गं?"

"कळतं. अंगठा फिरवला की कळतं." टेप गुंडाळत उभी राहिली. "तुम्ही कधी फिरवला नाहीत."

दारापर्यंत गेली आणि परत आली. खुर्ची सरकवायची राहिली होती.

ती गेल्यावर कालची चिठ्ठी पुसून टाकली.

२६ मार्च

गेले दोन आठवडे वही उघडली नाही. त्रेचाळीस फायली हाताने लिहिल्या, एकेक. प्रत्येकीत आधी हे लिहिलं की मूळ कागद कुणामुळे गेले, आणि तिथे माझं नाव. त्याखाली मला जे आठवलं ते. कुणाच्या फोटोत एक बाई पाठमोरी उभी होती. कुणाच्या टोपीला पिवळी किनार. सहा जणांचं मला काहीच आठवलं नाही, तर 'आठवत नाही' असं लिहिलं. अकराशे सत्त्याऐंशीमध्ये लिहिलं: निळं पाकीट, कोटाचं बटण, भोकं किती ते मी पाहिलं नाही.

सगळ्यांच्या शेवटच्या पत्त्यांवर पत्रं टाकली. अधीक्षकांना त्यातलं एक पत्र परत आलेलं सापडलं. आज मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. भाषा छान आहे, त्यांनी स्वतः लिहिलेली नसावी.

जाता जाता s वाली तपासणी पुन्हा चालवली. 'आहे' दोन हजार एकशे चाळीस, 'नाही' शून्य. मशीनच्या लेखी आता काहीच हरवलेलं नाही. मला वाटलं होतं, बरं वाटेल.

शिवणवालीच्या दुकानावरून रोज जाते. ती मशीनवर वाकलेली असते. आज तिने वर बघितलं आणि पुन्हा शिवायला लागली.

२८ मार्च

काल संध्याकाळी लेकीला फोन केला. उचलून आधी तिनेच विचारलं, "काय अडलं, आई?"

काही अडलं नव्हतं. तिच्याकडे आवाज अजून घुमत होता. जानेवारीत हलवलेलं सामान मार्चपर्यंत लागत नाही? "जेवलीस का?" विचारलं. "हो," म्हणाली. "बरी आहेस ना?" "हो." मी फोन ठेवला आणि मग बराच वेळ त्या दोन 'हो' घेऊन बसले.

आज सकाळच्या पहिल्या बसने निघाले. कळवलं नाही. सहा तासांचा प्रवास, कंबरेचा भुगा झाला.

दार तिने उघडलं. अंगात घरातलाच सदरा, केस विंचरलेले नाहीत. तिच्या मागे खोली दिसत होती. पलंग नाही, कपाट नाही, भिंतीवर तसबिरींचे फिकट चौकोन. एक खुर्ची, आणि एका खोक्यावर ठेवलेला कॉम्प्युटर. दाराशी चपलांचा एकच जोड.

"आई! सांगून नाही का यायचं?"

"सांगून आले असते तर तू घर भरून दाखवलं असतंस."

ती दाराला धरून तशीच उभी राहिली. मी पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, जावईबापूंना घर सोडून किती दिवस झाले? नोव्हेंबरपासून, म्हणाली.

सात जानेवारीला मी तिला फोल्डर कसा करायचा ते विचारायला फोन केला होता, आणि तेव्हापासून जवळजवळ रोज. एकदाही तिने फोन उचलला नाही असं झालं नाही.